रेडिओ ऐकायला भाचा का लागतो?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘जेलब्रेक’ केलेल्या हातातल्या गेम कन्सोलविषयी लेख आला होता. लेखात माहिती बरीच आहे, पण एकूण सूर असा की कन्सोलचं सॉफ्टवेअर बदलणारा प्रत्येक जण चोरीचे गेम खेळण्यासाठीच ते करतो. आमच्या कोपरखैरण्याच्या घरात असा एक कन्सोल आहे. सोनीचा पीएसपी, ३००० मॉडेल. त्यात गेम एकही नाही. जे होते ते मुलाच्या डिस्कवर होते, आणि त्या डिस्क तो बंगळूरला जाताना घेऊन गेला की आवराआवरीत भंगारात गेल्या, देव जाणे. या पीएसपीवर माझ्या सासूबाई रोज सकाळी आकाशवाणीचं पुणे केंद्र ऐकतात. वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचं नाव आपल्या लेखकाने चोरांच्या यादीत घातलं, म्हणून हा पत्रप्रपंच.

पुणे केंद्रच का, तर सासूबाई मूळच्या कोरेगाव तालुक्यातल्या. पुणे केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ला, तेव्हा त्या शाळकरी पोर होत्या. पुढे सासरे माथाडीत लागले, मसजिद बंदर झालं, मग बाजार वाशीला आल्यावर कोपरखैरण्याचं घर मिळालं. या सगळ्या मुक्कामांत ट्रान्झिस्टर बरोबर होता आणि त्याचा काटा ७९२ किलोहर्ट्झवर. मुंबईची अस्मिता वाहिनीही त्या ऐकतात, पण ती शेजारणीशी बोलल्यासारखी. पुणे केंद्र म्हणजे माहेर. तिथल्या निवेदकाने साताऱ्याकडच्या पावसाचं नाव काढलं की हातातली भाजी तशीच राहते.

मध्यम लहर सह्याद्री ओलांडून दिवसा इकडे येते ती थकूनच. तरी पूर्वी ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवून जरा तिरका केला की आवाज लागायचा, कारण आतल्या फेराइटच्या कांडीला दिशा कळते. गेल्या काही वर्षांत ते बंद झालं. नुसती गुरगुर. मी टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ म्हणून नोकरी केली, त्यामुळे गुरगुर ऐकून गप्प बसणं मला जमत नाही. घरातला मेन स्विच पाडला, ट्रान्झिस्टर सेलवर लावला. गुरगुर थोडी कमी झाली, गेली नाही. स्वस्तातले एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, लिफ्टचा ड्राइव्ह या सगळ्यांत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून वापरतात, आणि त्या तोडजोडीचा कचरा नेमका मध्यम लहरींच्या पट्ट्यात सांडतो. स्वतःच्या घरातले बल्ब बदलता येतील. वरच्या मजल्यावरच्यांना ‘आमच्या आईंना पुणे लागत नाही, तुमचे दिवे काढा’ असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

तेव्हा इंटरनेट. हे सगळ्यांनी सुचवलं, आणि सुचवताना फोन पुढे केला. फोनचं काय झालं ते सांगते. एका अ‍ॅपने आधी मोबाइल नंबर मागितला, मग ओटीपी, मग ठिकाण कळवण्याची परवानगी, मग बातम्यांच्या आधी साबणाची जाहिरात. हे सगळं मी करून दिलं. पण म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, काचेला ती कळत नाहीत. आई, म्हणजे सासूबाई, बोट ठेवायच्या, फोन ढिम्म. मग चिडून जोरात दाबायच्या, की भलतंच काहीतरी उघडायचं. त्यात नणंदेचा फोन आला की रेडिओ बंद. ‘पुणं बोलत होतं ते कुठं गेलं?’ हा प्रश्न आमच्या घरी रोज सकाळी विचारला जाऊ लागला.

नणंदेचा मुलगा ऐरोलीला राहतो, रबाळ्याला एका कारखान्यात ऑटोमेशनच्या कामाला आहे. त्याने एका रविवारी मुलाच्या कपाटातला पीएसपी बाहेर काढला. मुलाला तो आम्ही दहावीच्या निकालानंतर, २००९ मध्ये घेऊन दिला होता. बॅटरी इतकी फुगली होती की मागचं झाकण उचललं गेलं होतं. ती त्याने काढून वेगळी ठेवली. हा कन्सोल बॅटरीशिवाय, नुसत्या ५ व्होल्टच्या अडॅप्टरवरही चालतो, हे मला त्या दिवशी कळलं. ३३३ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारा प्रोसेसर, ६४ एमबी मेमरी, वाय-फाय, हेडफोनचं भोक. ‘मामी, आजीला रेडिओ ऐकवायला याच्या निम्मंसुद्धा पुरे,’ तो म्हणाला.

आता ज्याला आपले लेखक कुलूप तोडणं म्हणतात, त्याविषयी. पीएसपीवर कंपनीने सही केलेलेच प्रोग्रॅम चालतात. हौशी प्रोग्रॅम चालवायचे तर कस्टम फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरची बदललेली आवृत्ती, घालावं लागतं. कंपनीचं शेवटचं अपडेट ६.६१ हे २०१५ मधलं. त्यावर बसणारं कस्टम फर्मवेअर जगभरच्या हौशी लोकांनी लिहून ठेवलं आहे. मेमरी स्टिकवर ठरलेल्या फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या, मेन्यूतून एकदा चालवायच्या. ३००० मॉडेलवर सुरुवातीला अडचण अशी की यंत्र पूर्ण बंद झालं की बदल पुसला जायचा, पुन्हा ते चिन्ह दाबावं लागायचं. बॅटरी नसलेल्या यंत्राला हे फारच जाचक, कारण वीज गेली की झालं. पण त्यावरही कायमचा उपाय कुणीतरी काढलेला आहेच. चहा होईपर्यंत भाच्याचं काम झालं होतं.

हे बेकायदा आहे का? कॉपीराइट कायद्यात २०१२च्या दुरुस्तीने ६५अ हे कलम आलं. कलाकृतीच्या संरक्षणासाठी लावलेला तांत्रिक अडसर हक्कभंगाच्या इराद्याने काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. इरादा हा त्या कलमाचा कणा आहे, आणि कायद्याने मनाई न केलेल्या कामाला त्याच कलमात मोकळीकही ठेवली आहे. लेखात कलमाचा आकडा छापला आहे, इरादा मात्र गाळला. शिवाय इंटरनेट रेडिओ ही काही आम्ही या यंत्राला लावलेली वाईट सवय नव्हे. खुद्द कंपनीनेच २००७च्या डिसेंबरात ३.८० या अपडेटमधून पीएसपीच्या मेन्यूत इंटरनेट रेडिओ दिला होता. आम्हाला हौशी प्रोग्रॅम हवा होता तो एवढ्यासाठी की त्यात आपल्याला हवा तो पत्ता लिहून ठेवता येतो आणि बाकी काही समोर येत नाही.

आणि बटणं. यंत्राच्या उजव्या अंगाला चार बटणं आहेत : त्रिकोण, चौकोन, गोल, फुली. इथे फुली म्हणजे ‘होय’ आणि गोल म्हणजे ‘मागे’. आईंना ते पहिल्यांदा पटलं नाही, कारण त्यांच्या शाळेत फुली चुकीला मिळायची. आता पटलं आहे. चष्मा नसतानाही अंगठ्याला फुली सापडते, दाबली की टक् असं कळतं, आणि दोन-चार सेकंदांत निवेदिका बोलायला लागते. स्क्रीनच्या उजेडाचं बटण दाबून धरलं की स्क्रीन काळी होते, आवाज चालू राहतो. वाय-फायचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकत असतो. हेडफोनच्या भोकातून वायर मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरच्या स्पीकरला गेली आहे. स्पीकर फळीवर, हिंगाच्या डबीशेजारी. मराठी गाण्याचं नाव स्क्रीनवर चौकोनांची रांग होऊन येतं, कारण त्या काळच्या प्रोग्रॅमला देवनागरी माहीत नाही. आईंना त्याचं काही नाही, त्यांना गाणं पहिल्या सुरावर ओळखू येतं.

इथपर्यंत सगळं सोपं. पुढचं मात्र सोपं नव्हतं, आणि आपल्या लेखकाने लिहायला हवं होतं ते यावर.

आधी घरातलंच सांगते. पीएसपीचं वाय-फाय ८०२.११बी, म्हणजे जुन्यातलं जुनं, आणि सुरक्षेपुरतं त्याला डब्ल्यूपीए या वाय-फायच्या जुन्या कुलपापर्यंतच कळतं. डब्ल्यूपीए२ २००६ पासून नव्या प्रमाणित यंत्रांना सक्तीचं झालं, पीएसपीला ते कधीच मिळालं नाही. त्याच्यासाठी घरचं मुख्य वाय-फाय कमजोर करणं भाच्याला मान्य नव्हतं, मलाही नव्हतं. माळ्यावर पडलेला जुना राउटर त्याने खाली काढला आणि त्याचं एक वेगळं, छोटं जाळं केलं. त्या जाळ्याला इंटरनेट जोडलेलंच नाही. त्यावर फक्त रेडिओ. का, ते पुढे येईलच.

खरी अडचण पलीकडच्या टोकाला. इंटरनेटवरून रेडिओ सोडणारं शाउटकास्ट हे सॉफ्टवेअर आलं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, तसंच आइसकास्टही त्याच सुमाराचं. त्यांची रीत साधी. प्रोग्रॅमने सर्व्हरकडे स्ट्रीम, म्हणजे आवाजाचा सलग प्रवाह, मागायची, सर्व्हरने ‘आयसीवाय २०० ओके’ एवढं म्हणून एमपी३चे बाइट सोडायचे, ते संपेपर्यंत, म्हणजे कधीच नाही. मधे ठरावीक बाइटांनंतर गाण्याचं नाव. बस. असा प्रोग्रॅम कमी मेमरीच्या यंत्रालाही पेलतो, म्हणूनच पीएसपी बाजारात येताच हौशी लोकांनी त्याच्यासाठी तो लिहिला. २००९ मध्ये, म्हणजे आम्ही पीएसपी घेतला त्याच वर्षी, अ‍ॅपलने एचएलएस ही नवी पद्धत आणली. शाउटकास्टचा नळ, तर एचएलएसच्या सीलबंद बाटल्या : आवाजाचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून ठेवायचे, आणि एम३यू८ नावाची यादी सतत ताजी करत राहायची. ऐकणाऱ्याने यादी वाचायची, तुकडा उचलायचा, पुन्हा यादी वाचायची. हजारो लोक एकदम ऐकायला बसले तर हे तुकडे ठिकठिकाणच्या सर्व्हरवर ठेवता येतात, नेट मंदावलं तर हलका तुकडा देता येतो. मोठ्या प्रसारकाच्या दृष्टीने हे शहाणपणाचं आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पीएसपीच्या जुन्या प्रोग्रॅमला यादी हातात दिली तर तो तिलाच आवाज समजून वाजवायला बघतो.

वर एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद देवाणघेवाण. त्यातलं कुलूप म्हणजे टीएलएस, आणि त्याच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या २०२१ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढल्या गेल्या. बँकेसाठी, पत्रव्यवहारासाठी ते हवंच. पण जुन्या यंत्राला नव्या आवृत्तीचा हात मिळवता येत नाही आणि त्याच्या पोटातली प्रमाणपत्रंही कधीच कालबाह्य झालेली. म्हणजे कोरेगावच्या पावसाची बातमी, जी ७९२ वर कुणालाही, पाकिटात बसणाऱ्या कुठल्याही डबड्यावर ऐकायला मिळते, तीच इंटरनेटवर तिजोरीतून काढावी लागते.

भाच्याने मग मधे एक रास्पबेरी पाय बसवला. पत्त्याच्या पाकिटाएवढा कॉम्प्युटर, चपलांच्या कपाटावर, राउटरशेजारी. त्याचं एक टोक खऱ्या इंटरनेटला. तो एफएफएमपेग नावाच्या प्रोग्रॅमने एचएलएसची स्ट्रीम घेतो, तुकडे जोडतो, ६४ केबीपीएसचा (सेकंदाला ६४ किलोबिटचा) मोनो एमपी३ करतो आणि आइसकास्टमधून त्या छोट्या जाळ्यावर सोडतो. पीएसपीला वाटतं की अजून जुनेच दिवस चालू आहेत. वीज जाऊन आली की सगळं आपोआप उभं राहील अशीही सोय त्याने केली आहे. आमच्या घरात या पायला ‘पुण्याची डीपी’ म्हणतात, कारण विजेच्या डीपीसारखं, आवाज बंद पडला की आधी तोच बघायचा.

मला हे सगळं समजलं, कारण आयुष्य एक्स्चेंजमध्ये गेलं. एका बाजूची भाषा दुसऱ्या बाजूला कळावी म्हणून मधे यंत्र बसवणं हेच तर तिथलं काम. पण कोपरखैरण्यात आमच्याच गल्लीत आईंच्या वयाच्या अशा कितीतरी बायका आहेत. पाटण, वाई, खटाव, जुन्नर, आंबेगावकडच्या. त्यांचे मालक बाजारात पोती उचलून गेले, मुलं कामाला, नातवंडं हेडफोन लावून. त्यांच्या घरातही बंद पडलेला टॅब, जुना फोन, असा एखादा कन्सोल, कुणी भेट दिलेला इंटरनेट रेडिओ पडून असणार. वाजू शकणारी वस्तू घरात आहे, वाय-फाय घरात आहे, प्रसारण हवं तेवढं आहे. नाही तो फक्त भाचा. आणि पलीकडून स्ट्रीमचा पत्ता बदलला की आमच्याकडेसुद्धा भाचा यायचा रविवार उजाडेपर्यंत स्वयंपाकघर मुकं असतं. मला आज्ञा टाइप करता येतात, पण नवा पत्ता शोधायचा कुठे? तो कुठे छापलेला नसतो. अ‍ॅपच्या पोटात असतो.

म्हणून मी म्हणते की यंत्राचं कुलूप हा चर्चेचा विषयच नव्हे, ते चहा होईपर्यंत निघतं. प्रसारणाच्या टोकाला जे अडसर एकेक करून साचले आहेत, ते घरात बसून निघत नाहीत.

मागणं अगदी छोटं आहे. प्रसार भारतीने, आणि जमेल त्या खासगी व सामुदायिक केंद्रांनी, आत्ताची सगळी व्यवस्था ठेवून शिवाय एक साधी स्ट्रीम द्यावी. एमपी३, मोनो, ६४ केबीपीएस, साध्या, म्हणजे कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर, न बदलणाऱ्या पत्त्यावर, लॉगिनशिवाय. एमपी३ची पेटंटं २०१७ पर्यंत संपली, तेव्हा कुणाला पैसे मोजायचे नाहीत. ६४ केबीपीएस म्हणजे तासाला २९ एमबीच्या आत. मी हा आकडा उगाच धरलेला नाही. डिजिटल एक्स्चेंजमध्ये माणसाच्या आवाजाचे सेकंदाला ८,००० नमुने घेतात, प्रत्येक ८ बिटांचा. झाले ६४ किलोबिट. असे तीस आवाज २.०४८ मेगाबिटच्या एका वाटेवरून जायचे आणि अशा कितीतरी वाटा आम्ही रात्रपाळीत सांभाळल्या आहेत. पूर्वी नणंदेने आईंशी लँडलाइनवर गप्पा मारल्या की जेवढी जागा लागायची, तेवढ्यात आज पुणे केंद्र अख्खं मावतं, आणि एमपी३मुळे टेलिफोनपेक्षा कितीतरी चांगल्या आवाजात. फोनवर ३,४०० हर्ट्झच्या वरचं आम्ही कापूनच टाकायचो. बासरीचं काय होत असेल विचारू नका.

यावर तीन आक्षेप मला भाच्यानेच ऐकवले आहेत. गाण्यांचे हक्क, हा पहिला आणि खरा. रेडिओ-टीव्हीला ठरावीक मानधन भरून गाणी वाजवण्याची वाट देणारं ३१ड हे कलमही २०१२चंच. पण इंटरनेटवरून गाणी देणाऱ्या सेवेला ते लागू नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवलं. हा गुंता मी सोडवू शकत नाही. पण थेट प्रसारण आज एचएलएसवर दिलं जातंच. जे गाणं तिथे वाजतं तेच साध्या स्ट्रीमवर वाजलं तर त्यात नवं काय झालं? आणि तरीही भीती वाटत असेल, तर बातम्या, शेतकऱ्यांचे कार्यक्रम, मुलाखती, कीर्तन, केंद्राने स्वतः ध्वनिमुद्रित केलेलं भावसंगीत एवढं तरी द्या. आईंचं बहुतेक ऐकणं तेवढंच आहे.

दुसरा, सुरक्षेचा. साध्या एचटीटीपीवरून काय ऐकतोय हे वाटेतल्या कुणालाही कळेल. कळू दे. आमचा ट्रान्झिस्टर खिडकीत होता तेव्हा पुणे केंद्र निम्म्या गल्लीला कळायचं.

तिसरा, ‘जुन्यांसाठी किती दिवस थांबायचं’. इंग्लंडचं उदाहरण आहे. बीबीसीने २०१५च्या सुरुवातीला रेडिओच्या जुन्या स्ट्रीम काढून नवी पद्धत आणली, तेव्हा लोकांच्या घरातले विकत घेतलेले, धड चालू असलेले इंटरनेट रेडिओ मुके झाले. ओरड झाली, आणि त्यांना काही काळ एमपी३ची सोय ठेवावी लागली. तिथे निदान ओरड तरी झाली. आपल्याकडे प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ला गोव्याच्या चित्रपट महोत्सवात ‘वेव्हज’ हा ओटीटी मंच सुरू केला, त्यावर रेडिओही आहे. चांगलं आहे, माझी मुलं वापरतील. पण दर काही वर्षांनी मंच बदलत जाणार आणि प्रत्येक मंचाला आधीच्यापेक्षा नवा फोन लागणार, हे उघड आहे. मध्यम लहरीचं असं होत नव्हतं. १९७५चा सेट आणि आजचा सेट एकाच काट्यावर एकच केंद्र लावतात.

आणि कचऱ्याचं काय? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांच्या यादीत ‘हातात धरायचे व्हिडिओ गेम कन्सोल’ ही नोंद स्वतंत्र आहे. म्हणजे पीएसपी टाकायचा कुठे हे सरकारने ठरवून दिलेलं आहे. त्याआधी तो वापरायचा कसा, याचा विचार मात्र आपला आपण करायचा. फुगलेली बॅटरी मी संकलन केंद्रात देऊन आले. कन्सोल देणार नाही.

बाकी लेखाबद्दल माझी एवढीच विनंती की पुढच्या वेळी अशा विषयावर लिहिताना लेखकाने एखाद्या घरात जाऊन ती यंत्रं कशासाठी वापरली जातात ते पाहावं. भाच्याच्या ओळखीतल्या ठाण्याच्या एका मुलाने प्लेस्टेशन व्हिटाचं, म्हणजे सोनीच्याच पीएसपीनंतरच्या कन्सोलचं, असंच काही केलं आहे. २०१६ मध्ये त्याचं कुलूप निघालं, आणि हा मुलगा ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये त्यावर लोकसंगीताच्या घरच्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह ऐकतो, घरच्या कॉम्प्युटरवरून ओढून. पारसिकच्या डोंगराजवळ नेट तुटतं म्हणून त्याने आधी साठवून ठेवायची सोयही लिहिली आहे. हा चोर आहे की काय, आपणच ठरवा.

आपल्या वृत्तपत्राशी संबंधित एक गोष्ट राहिली. आपण सकाळच्या ठळक बातम्यांचं ध्वनिवृत्त काढता. ते आपल्या अ‍ॅपवरच ऐकू येतं. त्याची साधी एमपी३ फाइल आणि आरएसएसचा (नव्या भागांच्या आपोआप ताज्या होणाऱ्या यादीचा) पत्ता दिलात, तर पीएसपीच काय, कुठल्याही जुन्या यंत्रावर ते ऐकता येईल. दुसरं असं की पूर्वी मराठी वर्तमानपत्रांत ‘आकाशवाणीवर आज’ असा चौकोन असायचा, वेळ आणि कार्यक्रम. आई तो कात्रीने कापून शिधापत्रिकेत ठेवायच्या. तो चौकोन आपण पुन्हा सुरू करावा, आणि कार्यक्रमाच्या वेळेसमोर केंद्राच्या स्ट्रीमचा पूर्ण पत्ता छापावा, सगळ्या टिंबां-तिरप्या रेघांसकट. पत्ता बदलला की दुसऱ्या दिवशी बदललेला छापावा. छपाई जरा ठळक ठेवा, मला तो चष्मा लावून पायमध्ये टाइप करायचा आहे.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ,
कोपरखैरणे, नवी मुंबई